मोरी

तळं एवढंसंच.
या टोकाला मी, आन्सेल्म, माझी हिरवी होडी;
त्या टोकाला यूलाली कोमो, तिचा लाकडी धक्का, दोन खुर्च्या.
मधे डांबरी रस्ता आडवा
आणि रस्त्याखाली सिमेंटची मोरी.

रस्त्याने सात मिनिटं.
पण रस्त्याने गेलं की दार वाजवावं लागतं,
कशासाठी आलो ते सांगावं लागतं.
पाण्याने गेलं की
वाहत वाहत आलो, एवढं पुरतं.

नोव्हा स्कोशियाच्या या कोपऱ्यात
एप्रिलमध्ये बर्फ वितळतो, वर पाऊस,
पाणी मोरीच्या छतापासून हातभरसुद्धा खाली नसतं.
होडीत उताणा पडून, वल्हं छातीवर ठेवून,
तळव्यांनी छत मागे ढकलत
मी एकदा गेलो होतो.
नाक खरवडलं. मधोमध कोळ्याचं जाळं तोंडावर आलं
आणि वाटलं, असंच नेतात शेवटी, पाय पुढे करून.
पलीकडे ती म्हणाली, "केसांत शेवाळ आहे तुझ्या."
कॉफी दिली.

जून चांगला. मान तेवढी वाकवायची.
हाक मारली की मोरी ती परत देते, जरा जाड करून.
पाणी दलदलीतून येतं, कोऱ्या चहासारखं;
वल्ह्याचं पातं वीतभर खाली तांबूस दिसतं,
हातभर खाली दिसतच नाही.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यात थांबला
तो थांबलाच.
माझ्या बाजूला मी पांढरी रेघ मारलेली होती:
इतकं पाणी असलं की तळ घासत नाही.
जूनअखेर रेघ उघडी पडली.
जुलैत मी होडीतून अवजारांचा डबा काढला,
मग गळ, मग फळकुटाची बैठक,
मग सकाळची दुसरी पोळी.
चार बोटं पाण्यावर तरंगायला
म्हातारा माणूस काय काय सोडतो!
ऑगस्टमध्ये होडी चिखलात रुतली
आणि मी तिच्यात, टोपीसकट, पुतळ्यासारखा.
बगळा माझ्या समोरून गेला. चालत.

विहिरी आटल्या.
अग्निशमन केंद्राच्या नळावर रांग लागायची.
तिथे यूलाली भेटायची, दोन कॅन घेऊन.
पंप कसा हवा ओढतो, हे बोललो.
रांगेत माणूस आणखी काय बोलणार.

सप्टेंबरच्या शेवटी मी गमबूट चढवून
मोरीत शिरलो, पायी, वाकून.
तळाला शिंपले, एक सायकलची घंटी,
आणि दोन्ही भिंतींवर माझ्याच होडीचा हिरवा रंग,
ओरखड्यावर ओरखडा, एकवीस वर्षांचा.
घंटी वाजते का पाहिलं. नाही.

पलीकडच्या तोंडाशी उजेड,
आणि उजेडात रेघा.
लाल. नेलपॉलिशच्या.
सगळ्यांत वरच्या रेघेशी तिच्या तिरक्या अक्षरात:
डोकं सांभाळ.
त्याखाली बरंच अंतर सोडून, एका जाड रेघेशी:
आता येईल.
आणि त्याही खाली नुसत्या तारखा,
यंदाच्या, दर रविवारची एक,
टीचटीचभर उतरत गेलेल्या,
शेवटची चिखलाला टेकलेली.

पुढे गेलो नाही.
अंगभर चिखल होता, हातात वल्हंही नव्हतं.
छतापासून विती टाकत मोजलं तेवढं,
इकडे येऊन माझी रेघही मोजली.
तिची जाड रेघ
माझ्या रेघेपेक्षा दोन बोटं खाली.

दोन बोटं म्हणजे इथे एक आठवड्याचा पाऊस.
वर्षं एकवीस.
गुणाकार मी केला नाही.

ऑक्टोबरात कुठल्याशा वादळाची शेपटी लागली.
तीन दिवस छप्पर वाजत होतं.
चौथ्या सकाळी पाऊस उघडला, धुकं होतं,
माझी पांढरी रेघ अजून कोरडी,
तिच्याखाली दोन बोटं सिमेंट.

होडी सरकवली.
मोरीत तळ घासला, मोठ्यांदा,
पलीकडे ऐकू जाईल इतका.
घासू दे.