कुपवाड, हळदीचा ड्रम

आधी उजेडाचा डोळा बसवला.
तिसऱ्या दिवशी हळदीनं त्याची पापणी मिटवली;
ड्रम फिरत होता
आणि हा म्हणत होता, थांबला.

मग मोटारीचा करंट मोजून पाहिला.
पण रिकामा ड्रम आणि तुटलेला पट्टा
आकड्यात सारखेच दिसतात.
पट्टा गेला तरी मोटार आपली फिरतेच,
हलकी, कुणाची नसल्यासारखी.

आदगोंडा स्टुलावर बसून बघत होता.
बावीस वर्षं याच ड्रमपाशी.
डावा कान गेलाय.
तळवा खांबाला टेकवतो आणि सांगतो,
"लंगडायलंय. पुलीकडनं."

शेवटी ड्रमच्याच आसावर
एक बोल्ट वेल्ड केला,
समोर चार मिलिमीटरवर प्रॉक्झिमिटी.
त्याला धूळ दिसत नाही, फक्त लोखंड दिसतं.
फेऱ्याला एक टिक.
टिक चुकली की भोंगा.

पण किती वेळ चुकली म्हणजे चुकली?
कॅटलॉगात ते रकाने कोरे होते,
'ग्राहकाने ठरवावे'.

आदगोंडाला विचारलं.
हात खांबावरच ठेवून
त्यानं ओठ न हलवता काहीतरी मोजलं.
"चार सेकंद घाल," म्हणाला,
"माल भरताना जरा दम खातंय ते."