उजव्या बाजूचं काळीज

एकतीस वर्षं दांडिया बाजारातल्या लॅबमध्ये
मी लोकांची रक्तं फिरवली.
गरगर थांबली की नळी खिडकीकडे धरायची:
तळाशी लाल गाळ, वर सीरम,
सुक्या गवताच्या रंगाचं असलं तर ठीक.
गडद असलं, मोहरीच्या तेलागत,
तर मशीनच्या आधी मला कळायचं
आणि आकडा येईपर्यंत मी गप्प बसायचे.

आता माझी नळी ध्रुविलच्या हातात.
मीच शिकवलं त्याला. शीर न सापडणाऱ्या बायकांशी
आधी हवापाण्याचं बोलावं, हेही मीच.
तो म्हणतो, ‘मावशी, यंदा उकाडा फार.’
रक्त उजव्याच हातातून. काखेतल्या गाठी काढल्यापासून
डावा हात राखीव आहे,
पाहुण्यांच्या कपबशीसारखा.
नळी फिरून आली, तर तळहाताआड धरली त्याने.
अरे, दाखव.
‘नको ना मावशी, मशीन लावलंय.’

एसजीपीटी तीनशे बारा.

नाणावटीबाई म्हणाल्या, चौथी सायकल पुढे ढकलू.
कीमो देण्याइतकं लिव्हर बरं हवं,
आणि कीमो दिली की ते पुन्हा बिघडू शकतं.
गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं.
मग चष्मा काढून:
घरी काही काढा, चूर्ण, कुणी दिलेलं?
नाही, म्हणाले मी.
हे माझ्याकडे बघत राहिले. मग पंख्याकडे.

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं
तर हेच तोलून देतात, तपकिरी, गुळगुळीत.
आणि आपण काळीज म्हणताना
हात ठेवतो डावीकडे,
जिथे माझं आता सपाट आहे, टाक्यांची एक आडवी ओळ.
काळीज तुटतं म्हणतो, काळजाला घरं पडतात म्हणतो,
ते बिचारं उजवीकडे, शेवटच्या बरगड्यांआड,
मोरीशी बसून जे येईल ते घासणारं.
कधी दुखलं नाही.
दुखायची त्याला रीतच नाही बहुधा.

काढा रंजनबेनचा.
समोरच्या दारातून, रोज सकाळी सहाला, स्टीलच्या बरणीत.
पादऱ्याच्या कुणा वैद्याची पुडी,
गुळवेल, आणखी काय काय,
त्यांच्या नणंदेला गुण आला होता म्हणे.
‘पी जाओ, बेन.’ एवढंच. आणि उभ्या राहायच्या
मी शेवटचा घोट घेईपर्यंत.
केस गेल्यावर भेटायला आलेल्या सगळ्या बायकांत
एकट्या त्यांनीच माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता,
तेल चोळावं तसा.
त्यांना कसं सांगायचं
त्या तीनशे बारांत थोडे तुमचेही असतील?

संध्याकाळी मीच फोन केला नाणावटीबाईंना.
बाई, खोटं बोलले मी. सात आठवडे.
पलीकडे पेन चालल्याचा आवाज.
‘आजपासून बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त.’
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं होतं.
कीमोचं किती आणि काढ्याचं किती, विचारलं.
म्हणाल्या, लिव्हर नावानिशी हिशेब ठेवत नाही.

आज सहाला बरणी आली.
अंघोळ व्हायचीय, नंतर घेते, म्हटलं.
दार लावून मोरीत ओतला,
हिरवट, कोमट, अजून वाफ येणारा.
नळ मोठा सोडला, भिंती पातळ आहेत.
बरणी घासली, पुसली,
रिकामं भांडं परत देऊ नये
म्हणून मूठभर साखर घातली तिच्यात
आणि आज सांगायचंच असं ठरवून
त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

बेल वाजवणार, तोच आतून रंजनबेन,
नणंदेशीच असाव्यात फोनवर, आनंदाने:
‘हवे तो घणुं सारुं छे,
चेहरा पर रंग आव्यो छे.’