पागनीसांची वही

आडनाव पागनीस, पण घोडा पाहिला
तो वरातीतलाच, झापडं लावलेला.
एजी ऑफिसात छत्तीस वर्षं आकडे हाकले.
आता मुरारच्या पुढे, जुन्या चांदमारीच्या माळावर
घोडेस्वारीचं केंद्र निघालंय
आणि वही माझ्याकडे आलीय.

नावे: हरभरा, कोंडा, नाल अठ्ठेचाळीस.
जमा: तीन शाळांची फी,
लीद दोन ट्रॉल्या, झेंडूवाल्या कुशवाहांना.
पीरबक्ष नालबंद परतलाय,
मधली अकरा वर्षं शटरं वेल्ड करत होता.
टांगा विकून बसलेला भगवानलाल
पोरांना सांगतो, लगाम मुठीत नाही, बोटांत धरा.

बुधवारी टेंब्यांची मृदुला येते.
पाय कात्रीसारखे आवळलेले.
इमरतीच्या उघड्या पाठीवर वीस मिनिटं गेली
की घोडीची ऊब चढते, मांड्या सैल पडतात.
तिची आई कुंपणाशी उभी असते,
नऊ वर्षांत पहिल्यांदा हात रिकामे,
त्यांचं काय करायचं ते न सुचून
बांबूच धरून ठेवते.

हे कुठल्या खात्यात मांडू?

सभेत नगरसेवक म्हणाले,
घोडे कशाला, पार्किंग करू.
मला बांबूचं काही सांगता आलं नाही.
चष्मा पुसला
आणि लीदेचे आकडे वाचून दाखवले.
निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.

काल दिवेलागणीला, कुणी नाहीसं बघून
इमरतीच्या मानेवर हात ठेवला.
माशी बसावी तशी तिनं कातडी थरथरवली.
मी हात काढला नाही.
हळूच म्हटलं, पागनीस.