पाचशे साठ फूट

एकतीस वर्षं मी नोटांवरचे आकडे तपासले,
नाशिकरोडच्या छापखान्यात.
काम एवढंच: एका नोटेचा नंबर
दुसरीला लागता कामा नये.

रिटायर झालो, जेलरोडला रो-हाऊस घेतलं,
नंबर सात,
आणि तीच तपासणी घरी आणली.
माझं फाटक, माझं मीटर, माझी बोअर,
वर काचा रोवलेली माझी भिंत.
शेवग्याची फांदी ताजनपुऱ्यांकडे झुकली
तर शेंगा मोजून ठेवायचो.
कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही,
असं अभिमानाने सांगायचो
आणि ऐकायला समोर
बहुधा कुणी नसायचं.

बोअर आधी दोनशे फूट.
ताजनपुऱ्यांनी साडेतीनशे मारली, माझी आटली.
मी चारशे वीस. त्यांनी पाचशे.
बोलणं नव्हतं आमचं,
पण इतकं लांबलचक संभाषण
मी आयुष्यात कुणाशी केलं नव्हतं;
काळ्या खडकात, फुटाफुटाने.

त्या एप्रिलात पुन्हा गाडी बोलावली.
सेलमची पोरं, कानात कापसाचे बोळे.
रात्रभर गल्लीतली भांडी फळीवर वाजत होती.
पाचशे साठला ओलसुद्धा नाही.
नुसती राखाडी भुकटी उडाली
आणि पेरूच्या पानांवर बसली.

सकाळी ताजनपुरे फाटकाशी,
बनियनवर, हातात बादली.
भांडायला आलेत म्हणून मी वाक्यं जुळवून ठेवली.
त्यांनी बादली नुसती खाली ठेवली.
तळाशी तीच राखाडी भुकटी,
माझ्या खडकाची,
त्यांच्या नळातून आलेली.

मी वाकून बघितलं, सवयीने,
जणू कुठे नंबर छापलाय का.

"चहा घेता?" एवढंच सुचलं.
मग आठवलं, चहालाही पाणी नव्हतं.

गल्लीच्या टोकाला निरभवणेबाईंकडे आड आहे,
जुन्या मळ्याचा.
मोट गेली, मळा गेला, प्लॉट पडले,
फरशीखाली तो तेवढा राहिला.
फरशीवर त्या पापड वाळवायच्या.
वीस वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही,
त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
"मागायला तोंड लागतं," त्या म्हणाल्या,
"तसं द्यायलाही लागतं हो."

फरशी हलवायला सात जण लागले.
त्यातल्या चौघांची नावं
मला त्या दिवशी कळली.

पाइप माझ्याच भिंतीतून जाणार होता.
छन्नी मीच धरली, हातोडा ताजनपुऱ्यांनी.
भोक चार इंची, आणि वाकडं.
त्यांचं म्हणणं छन्नी हलली,
माझं म्हणणं हातोडा चुकला.
वाद अजून मिटलेला नाही.

पाळ्यांची वही माझ्याकडे आहे.
कुणी किती घेतलं, असा एक रकाना आखला होता;
दुसऱ्याच महिन्यात गायधनींच्या सुनेने तिथे
बारशाची तारीख लिहून टाकली.
विजेच्या बिलावरून दोन घरं
महिनाभर एकमेकांकडे बघत नव्हती,
पण मोटार वेळेवर सुरू करत होती.
मी अजूनही टाकीला कुलूप लावतो;
किल्ली ताजनपुऱ्यांच्या खिळ्याला असते.

पाइपभोवती बोटभर फट राहिली आहे.
सिमेंट आणून ठेवलं होतं,
त्याचा पोत्यातच दगड झाला.
फटीतून आधी मुंग्या आल्या,
मग त्यांच्याकडच्या सुक्या बोंबलाचा वास,
आणि परवा एक लहान डोळा:
"आजोबा, तुमचा नंबर किती?"

सात, म्हणणार होतो.

"कसला नंबर रे?"
"पाण्याचा. आमच्यानंतर तुम्हीच ना?"

"हो," म्हटलं, "तुमच्यानंतर मी.
माझ्यानंतर गायधनी.
त्यांच्यानंतर पाळदे, मग तांबोळीचाचा..."
आणि वही न उघडता
गल्ली संपेपर्यंत
नावं सांगत गेलो.