लाभ, दोन, तीन

मुकादम मॅडम म्हणाल्या, एक ते वीस मोजा,
रोज बोलता तसंच, सजवू नका.
मी सुरुवात केली : लाभ, दोन, तीन...
त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं. लाभ?

आमच्या घरी एकाला एक म्हणत नाहीत, मॅडम.
बाबा वाशीच्या धान्यबाजारात तोलणार होते.
पहिलं पोतं काट्यावर चढलं की लाभ,
मग दोन, मग तीन,
आणि त्यांचं तीन चार गाळे ओलांडून ऐकू जायचं.
तोच आवाज मला तेराव्या वर्षी आला,
न मागता, एका रात्रीत,
वसाहतीतली खोली नावावर व्हावी तसा,
पाणीपट्टीच्या थकबाकीसकट.
आत्या म्हणाली, बापाचा गळा घेतलाय पोरानं.
मी तीन दिवस बोलले नाही,
दाढ दुखते असं पाटीवर लिहून दाखवलं.

त्यानंतर वीस वर्षं मी भविष्यकाळात राहिले.
येईन. जेवेन. बघेन. सांगेन.
भविष्यकाळात कुणी विचारत नाही, बाई की बुवा.
भूतकाळात जावंच लागलं तर कर्म सोबत न्यायचं :
मी चहा घेतला, मी दार लावलं.
चहा पुल्लिंगी, दार नपुंसक,
माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही.
फक्त येणं आणि जाणं टाळायचं.
म्हणून मी कुठे गेले होते, कधी परत आले,
हे कुणाला सांगायचंच राहून गेलं.

कोपरखैरणे, दाताच्या दवाखान्याच्या वरचा मजला,
मंगळवार आणि शुक्रवार, साडेसात.
ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ, बुडबुडे, ऊऽऽऽ.
तळहात छातीवर. इथं थरथरलं की परत पहिल्यापासून.
आवाज वर न्यायचा नाहीये, पुढे आणायचाय,
माजघरातून ओटीवर, असं समजा.
मी म्हटलं, मॅडम, हे उलटंच झालं की,
ओटीवर तर पुरुष बसायचे.
आणि आम्ही दोघी हसलो.
हसलो. अनेकवचनात बाईसुद्धा हसलोच म्हणते,
हे मला त्या दिवशी कळलं.
माझं हसू मात्र छातीतूनच आलं होतं.

सराव हेल्मेटच्या आत.
ठाणे-बेलापूर रस्त्याला, म, म, म,
काचेवर वाफ, नाकात मुंग्या.
रबाळ्याच्या सिग्नलला शेजारचा पोरगा
ओरडून सांगतो, ताई, स्टँड वर घ्या.
मी मागे वळून पाहिलं, कुठली ताई.

आठव्या महिन्यात कार्ड अडकलं, बँकेला फोन केला.
जन्मतारीख बरोबर, आईचं नाव बरोबर,
शेवटचे चार आकडे बरोबर.
पलीकडची मुलगी म्हणाली, सॉरी मॅडम,
खातेदाराला स्वतः बोलावं लागेल,
आपण त्यांच्या कोण?
मला पटकन नातं सुचेना.
खातं चोवीस तासांसाठी बंद.
पर्समध्ये एकशे चाळीस रुपये,
त्यातले साठ मी शेवपुरीत उडवले,
जिन्यात बसून, तोंड पुसत,
कुणीतरी आपल्याला ओळखलं नाही या आनंदात.

एवढं सगळं झालं, शिंक तेवढी राहिली.
शिंकेला स्ट्रॉ नाही, सराव नाही.
परवा दारात चप्पल काढताना
फोडणीचा ठसका घशात गेला,
आणि अख्ख्या मजल्याने ऐकावी अशी शिंक आली, बाबांची.
आतून आई, पीठ मळता मळता :
आले का?
बाबांना जाऊन चार वर्षं झालीत.
नवऱ्याला ती अशीच विचारायची, आदराने, अनेकवचनात.

मी दारातून म्हटलं, आले.

तीच अक्षरं, ओटीवरची.
परातीतला हात जरा थांबला.
मग थापायला लागली,
आणि तव्यावरून उतरवताना मोजू लागली,
मला ऐकू येईल इतपत :
लाभ. दोन.