लेन्स नाही

इलाहीचाचांच्या बंद स्टुडिओतली लेन्स
पोरानं दिली. "रद्दीच्या भावानं घ्या," म्हणाला,
वजन मात्र केलं नाही.

काचेच्या कडेला बुरशीचं झुडूप.
रिंगमध्ये जुनं ग्रीस, घट्ट.
नव्या कॅमेऱ्याला लावली
तर पडद्यावर अक्षरं : लेन्स नाही.

बरं. नाही तर नाही.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर
सुबराव म्हशीखाली बसलेला,
सडापासून पेल्यापर्यंत ताणलेली धार.
मी रिंग फिरवतोय :
फेस आला, धार निसटली,
म्हशीचं शिंगच लख्ख.
"झालं का वो? दूध निवालंय."

एका जागी रिंग सैल लागते, गुळगुळीत.
सात फूट.
चाचांचे सगळे नवरा-नवरी
इथंच उभे राहायचे.

रिंग सोडली.
मीच दोन पावलं मागं सरलो,
शेणात.