चौसष्ट

निषाद, सव्वादोनला तुझा फोन आला,
आता पुढे काय होईल, म्हणालास.
मी झोपेत म्हणालो, काही नाही रे, पाणी पी.
ते खोटं होतं.

नळी नवी लावतात, पिशवी तुझ्यासमोर फाडून.
फुंका साहेब, म्हणतात,
केकपुढे लहान मुलाला म्हणावं तसं.
आपण गाल फुगवून अर्धीच फुंक मारतो,
यंत्राला कळतं. ते पुन्हा मागतं.

माझा आकडा चौसष्ट आला होता. चालतात तीस.
पाम बीचवर, मोराज सर्कलच्या अलीकडे.
आपण दोघं रबाळ्यात दिवसभर लोकांचे काटे तपासतो,
प्रेशर गेज, थर्मामीटर, कुणाकुणाचे वजनकाटे,
कुठे किती चूक ते लिहून हिरवं लेबल चिकटवतो.
त्याच सवयीने मी यंत्र उलटं केलं, हवालदार घरतांना विचारलं,
याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?
लेबल होतं. तारीख चालू होती.
सही कुणाची ते वाचता येईना,
अक्षरं हलत होती.

मग वाशीच्या रुग्णालयात नेतील, रक्ताला.
नर्स जेवलात का विचारेल. ती आपुलकी नाही,
फॉर्मवर तसा रकाना आहे.
तरी मला तेव्हा रडू आलं होतं.

गाडी जमा होते. डिकीत काय आहे बघून घे.
माझ्या डिकीत शर्वरीचे स्केट्स राहिले
आणि शनिवारी सकाळी ती दारात मोजे घालून उभी राहिली.
जामिनाला कुणाला बोलवायचं ते आत्ताच ठरव.
मी मेव्हण्याला बोलावलं. आला, सही केली,
एक शब्द बोलला नाही,
अजून बोलत नाही, प्रत्येक लग्नात.

बेलापूरच्या कोर्टात मी भाषण पाठ करून गेलो होतो.
प्रमोशन, मित्रांचा आग्रह, वीस वर्षांत एकही चलन नाही.
साहेबांनी मान वर केली नाही.
कबूल? कबूल. दहा हजार. पुढचा.
मागे उभ्या पोराने माझ्या पाठीवर हात ठेवला,
अंकल, झालं, सरका.
लायसन्स सहा महिने गेलं. एनएमएमटीची बस सवयीची होते,
ते एवढं कठीण नाही.

कठीण दुसरंच आहे, ते कुठल्या कागदावर येत नाही.
पंचनामा लिहिताना घरत थांबले होते,
म्हणाले, तुमची उजवी बाही भिजलीय.
एप्रिल होता. आभाळ कोरडं ठणठणीत.
रात्री त्या रस्त्यावर टँकर हळूहळू सरकत असतो
आणि एक माणूस दुभाजकावरच्या बोगनवेलींना पाणी घालत
त्याच्यामागून चालतो, पाइप खांद्यावर,
नारिंगी जाकीट.
माझी खिडकी उघडी होती.
मला टँकर आठवत नाही.
जाकीट आठवत नाही.
खांद्यापासून कोपरापर्यंत ओली बाही, तेवढी आठवते.
किती जवळून गेलो असेन,
तुझा माझा धंदा मोजण्याचा, सांग,
पाइपमधल्या पाण्याचा शिंतोडा किती अंतरावर पडतो?
मी नंतर चार वेळा तिथे गेलो, बसने, रात्री साडेबाराला.
दरवेळी वेगळा माणूस होता.
एकाने विचारलं, काय हरवलंय का?
म्हटलं, नाही.

तर असं होतं, निषाद.
काहींचं एवढंच होतं.
हे रिक्षात बसून लिहितोय, कोपरखैरणे मागे पडलं,
घरून निघताना वैजयंतीने तुझ्यासाठी शाल दिलीय,
चौकीतला पंखा फार जोरात फिरतो म्हणाली,
तिला कसं माहीत, मी कधी विचारलं नव्हतं.
कुणी विचारलं तर सांग, भाऊ येतोय.
आणि हो, बाही बघ.